पोटातली गोष्ट पोटात ठेवू नका
कोलोनोस्कोपीला जाण्याआधी आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी वाचावे असे काही



या वेळी आम्ही ज्या विषयावर लिहायला बसलो आहोत तो विषय जेवताना काढला तर घरातली मंडळी म्हणतील, "शी! आत्ताच आठवलं का हे?" शौचाचा विषय आहे ना! आपली पिढी दुखण्याबद्दल तासन्‌तास बोलेल. गुडघे, साखर, ब्लडप्रेशर, सगळं शब्बाथच्या दिवशी सिनेगॉगच्या पायऱ्यांवर निघतं. पण संडासला रक्त पडलं तर आपण सख्ख्या बायकोलासुद्धा सांगत नाही.

या लाजेपायी आमच्या घरातला एक माणूस गेला, आणि दुसरा, म्हणजे आम्ही स्वतः, थोडक्यात वाचलो. म्हणून हा लेख.

आमचे थोरले भाऊ ठाण्याला राहत होते. त्यांना दोन वर्षं अधूनमधून रक्त पडत होतं. "मूळव्याध आहे, तिखट कमी केलं की जाईल," असं म्हणत त्यांनी पुड्या खाल्ल्या. वहिनींना कळलं तेव्हा त्यांचं वजन बारा किलोने उतरलं होतं. डॉक्टरांनी तपासलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला. वय होतं चौसष्ट. आम्ही डिमोनाहून जाऊन त्यांच्या उशाशी बसलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लाज वाटली रे."

तरी आम्ही शहाणे झालो नाही. भाऊ गेल्यानंतर आमचीही तपासणी व्हायला हवी होती, पण ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. कुपत खोलीमकडून शौचाच्या तपासणीचं पाकीट घरी आलं. आम्ही ते ड्रॉवरमध्ये, मुंबईच्या जुन्या फोटोंखाली ठेवून दिलं. आठ महिन्यांनी आमची बारा वर्षांची नात कात्री शोधत होती, तिच्या हाती ते लागलं.

"आजोबा, हे काय?"

"काही नाही गं, ठेव तिथेच."

ती हिब्रू फडाफडा वाचते. उभ्या-उभ्याच तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "यात लिहिलंय की पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही का केलं नाहीत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी नमुना दिला. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, आणि आमच्या घरच्या डॉक्टरीणबाईंनी कोलोनोस्कोपीसाठी हफनाया, म्हणजे चिठ्ठी, लिहून दिली.

ही तपासणी कोणासाठी?

इस्रायलमध्ये ५० ते ७४ वयाच्या स्त्री-पुरुषांना कुपत खोलीमकडून दर वर्षी शौचाची ही साधी तपासणी मिळते. घरीच नमुना घ्यायचा आणि मिरपाआत नेऊन द्यायचा. त्यात रक्त सापडलं म्हणजे कॅन्सर झालाच असं मुळीच नाही. बहुतेकांना कॅन्सर नसतो. मूळव्याधीनेही रक्त येतं. पण रक्त कुठून येतं हे आत बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आत बघणं म्हणजेच कोलोनोस्कोपी. तेव्हा "पुन्हा एकदा नमुना देऊन बघू, कदाचित बरा येईल" असं करू नका. एकदा रक्त सापडलं की कोलोनोस्कोपीच करायची.

ज्यांच्या आईला, वडिलांना, भावाला, बहिणीला किंवा मुलाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल त्यांनी पन्नाशीची वाट बघू नये. साधारणपणे चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांशी बोलावं. म्हणूनच घरातलं असं दुखणं लपवणं म्हणजे आपल्याच माणसांना अंधारात ठेवणं आहे. आमच्या पुतण्याने वडिलांच्या पाठोपाठ ही तपासणी करून घेतली, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही मात्र बसून राहिलो.

शौचावाटे रक्त पडणं, शौचाची सवय अचानक बदलणं आणि तशीच राहणं, कारणाशिवाय वजन उतरणं, रक्त कमी होणं, यांतलं काही असेल तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा. वय ७५ च्या पुढे असेल तर तपासणी करायची की नाही हे तब्येत बघून डॉक्टरांशी बोलून ठरवावं. नव्वदीच्या आजीला ओढत न्यावं असं आमचं म्हणणं नाही.

आत काय बघतात?

बालमित्रांनो, आपलं मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या उंचीएवढं. त्यात बोटाएवढ्या जाडीची, हवी तशी वळणारी नळी मागच्या बाजूने हळूहळू सरकवतात. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. डॉक्टर टीव्हीसारख्या पडद्यावर आतला बोगदा बघतात.

त्या बोगद्याच्या भिंतीवर काही जणांना लहान गाठी येतात. त्यांना पॉलिप म्हणतात. कधी वाटाण्याएवढी, कधी अळंब्यासारखी देठ असलेली. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, पण काहींचा पुढे कॅन्सर होतो. त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे देवाने आपल्याला दहा वर्षांची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत पॉलिप सापडला तर नळीतूनच तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे कापून काढता येतो. पोट फाडायला लागत नाही. तारेच्या फासाने असा पॉलिप काढण्याची रीत न्यूयॉर्कमध्ये डॉ. वोल्फ आणि डॉ. शिन्या यांनी १९६९ मध्ये सुरू केली. २०१२ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांचे असे पॉलिप काढले होते त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी दिसले.

तेव्हा ही नुसती तपासणी नाही. पुढचा आजार खुडून टाकणारा इलाज आहे.

आमची फजिती

आता आमची फजिती ऐका. खरी परीक्षा दवाखान्यात नसते, ती आदल्या दिवशी घरी असते. आतडं धुऊन स्वच्छ झालं नाही तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि लहान पॉलिप नजरेतून सुटतात.

आम्हाला फोनवरून हिब्रूत भराभर सूचना मिळाल्या. त्यात "नोझलिम त्सलुलिम" असं काहीतरी ऐकलं. आम्ही समजलो, फक्त पातळ प्यायचं. मग काय! दिवसभर दुधाचा आल्याचा चहा प्यालो, सोलकढी प्यालो, आणि कमी नको म्हणून सौं.नी किद्दूशसाठी केलेलं काळ्या मनुकांचं शरबतही प्यालो. आधीचे तीन दिवस मेथीची भाजी आणि वालाचं बिरडं चालूच होतं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी थोडंसं बघून काम थांबवलं. "काही दिसत नाही, पुन्हा या," म्हणाले. सहा आठवड्यांनी दुसरी तोर मिळाली.

"त्सलुल" म्हणजे आरपार दिसेल असं. पेल्याच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. ही युक्ती नातीची.

दुसऱ्या वेळी तिने कागद घेतला. ती मराठी बोलते, पण तिला मराठी लिहिता येत नाही. ती हिब्रूतून वाचून आम्हाला मराठीत सांगत गेली आणि आम्ही लिहीत गेलो. मग तो कागद फ्रिजवर चिकटवला. त्यातलं थोडं इथे देतो. पण ध्यानात ठेवा, प्रत्येक दवाखान्याची सूचना थोडी वेगळी असते. तुमच्या कागदावर जे लिहिलं असेल तेच खरं.

तपासणीच्या आधीचे साधारण तीन दिवस
चालेल: पांढरा भात, पांढरा पाव, मैद्याची चपाती, अंडं, मासे, कोंबडी, साल काढून उकडलेला बटाटा, साधं दही (अर्थात कोंबडीबरोबर नाही!).
चालणार नाही: वाल, चवळी, मूग आणि इतर कडधान्यं, मेथी, कोथिंबीर, भेंडी, बियांचे टोमॅटो आणि काकडी, तीळ, म्हणून खुमुस आणि तखिनाही नाही, गर'इनिम फोडत बसायचं नाही, आणि नारळ. हो, नारळ! आपल्या घरात नारळावाचून चूल पेटत नाही, पण तीन दिवस खोवणी कपाटात ठेवा.

आदला दिवस
डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून फक्त आरपार दिसणारं पातळ: पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप, गर नसलेला सफरचंदाचा रस. लाल किंवा जांभळं काही नाही, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो. म्हणून कोकम नाही आणि मनुकांचं शरबतही नाही.

याला काही जण उपास म्हणतात. पण दरफाळणीच्या सणाचा उपास वेगळा. त्या दिवशी पाण्याचा थेंब नसतो. इथे उलट भरपूर प्यायचं, नाहीतर अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येते.

जुलाबाचं औषध
हे औषध पुष्कळ पाण्यातून घ्यावं लागतं. काही औषधांना दोन लिटर पाणी, काहींना त्याहून जास्त. बहुधा अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. पहाटेचा डोस झोपेपायी चुकवू नका. आतडं खरं स्वच्छ होतं ते त्यानेच. चव बरी नसते. फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्या, मध्ये लिंबूपाणी गाळून घ्या. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. शेवटी शौचाला पिवळसर, स्वच्छ पाणी यायला लागलं की समजा जमलं.

संडासाजवळचीच खोली धरा. मऊ कागद आणि व्हॅसलीन हाताशी ठेवा. रात्री पॅसेजमधला दिवा लावून ठेवा. म्हातारी माणसं या तपासणीने पडत नाहीत, पण अंधारात घाईघाईने संडासला जाताना पडतात. एकट्या राहणाऱ्यांनी त्या रात्री कोणाला तरी सोबतीला बोलवावं.

दिवस निवडताना एक गोष्ट बघा. रविवारची तोर घेतली तर औषध पिण्याचा दिवस नेमका शब्बाथला येतो. जमत असेल तर बुधवार किंवा गुरुवार मागा, म्हणजे पथ्याचे तिन्ही दिवस शब्बाथच्या बाहेर राहतात. पण डॉक्टर म्हणाले की लवकर करा, तर मिळेल तो दिवस घ्या. जीव वाचवणं सगळ्यांत आधी, पिकुआख नेफेश. शंका असेल तर रब्बींना विचारा.

गोळ्यांचं काय?

इथे कोणी आपल्या मनाने काही करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जसं कुमाडिन, प्लाव्हिक्स, एलिक्विस, झारेल्टो, घेत असाल तर तोर ठरवतानाच सांगा. त्या कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे डॉक्टरच सांगतील. शेजारच्या मावशींनी पाच दिवस बंद केल्या म्हणून आपणही बंद करायच्या, असं केलं तर हृदयाला किंवा मेंदूला धोका होऊ शकतो. साखरेची इन्सुलिन, गोळ्या आणि हल्लीची आठवड्याची इंजेक्शनं, यांचाही हिशोब बदलावा लागतो, कारण जेवण बंद असतं. लोहाच्या गोळ्या बहुधा आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी शौच काळं होऊन चिकटतं. किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर जुलाबाचं औषधही वेगळं द्यावं लागतं, तेव्हा ते आधी सांगा. सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून बरोबर न्या.

तपासणीच्या दिवशी

तेउदत झेहुत, हफनाया आणि कुपत खोलीमचं हितखायवुत, ज्याला आपण तोफेस १७ म्हणतो, ते हाताशी आहे ना बघा. कवळी काढावी लागते, डबी बरोबर न्या. कानाचं यंत्र शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर काय विचारतात ते ऐकू येणार नाही.

सही करण्यापूर्वी समजून घ्या. रुग्णाच्या हक्कांचा कायदा इस्रायलमध्ये १९९६ साली झाला. आपल्याला समजेल अशा रीतीने सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. "लो हेवान्ती," समजलं नाही, असं म्हणायला लाजू नका. धोकाही विचारा. आतड्याला भोक पडण्याचा धोका हजारात एखाद्याला, किंवा त्याहून कमी. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होण्याचा धोका थोडा जास्त, पण तो बहुधा नळीतूनच थांबवता येतो.

मग हाताच्या शिरेतून झोपेचं औषध देतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. अंग चादरीने झाकलेलं असतं. आम्हाला सगळ्यांत भीती होती ती या लाजेची. पण नर्सबाईंनी विचारलं, "मुंबईचे का? माझे शेजारी पण तिथलेच," आणि उत्तर द्यायच्या आत आम्हाला झोप लागली. साधारण वीस ते चाळीस मिनिटांचं काम. जाग आली तेव्हा आम्ही विचारलं, "कधी सुरू करणार?"

त्यानंतर पोटात वारा भरलेला असतो. तो धरून ठेवू नका, जाऊ द्या. त्या खोलीत सगळेच तेच करत असतात, तिथे शिष्टाचार नाही. घरी न्यायला मोठं माणूस पाहिजेच. पुढचे चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही.

घरी आल्यावर पोटात फार दुखायला लागलं, पोट दगडासारखं झालं, ताप आला, बरंच रक्त पडलं किंवा चक्कर आली, तर "सकाळी बघू" म्हणू नका. मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करा. पॉलिप काढला असेल तर आठ-दहा दिवसांनीसुद्धा रक्त येऊ शकतं, म्हणून त्या दिवसांत लांबचा प्रवास टाळा. आणि रिपोर्ट आणायला विसरू नका. काढलेली गाठ प्रयोगशाळेत जाते, तिचं उत्तर यायला दोनेक आठवडे लागतात.

गोळी गिळून होत नाही का?

हा प्रश्न आम्हीही विचारला होता. गिळायच्या कॅमेऱ्याची कल्पना आपल्या इस्रायलच्याच इंजिनियरची, गावरिएल इद्दान यांची. आधी ते क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करत होते. त्यांची कॅप्सूल २००१ पासून डॉक्टर वापरू लागले, मुख्यतः लहान आतडं बघायला. मोठ्या आतड्यासाठीही अशी कॅप्सूल आहे. पण तिच्यासाठीही पोट तितकंच स्वच्छ करावं लागतं, आणि ती फक्त बघते, पॉलिप काढू शकत नाही. सापडला तर पुन्हा कोलोनोस्कोपी आलीच.

मुलांनो, तुमच्यासाठी

तुमच्या आजी-आजोबांना हिब्रूतला कागद वाचायला अवघड जातो, पण ते तसं सांगत नाहीत. तुम्ही विचारा. कागद मोठ्याने वाचा, मोठ्या अक्षरात वेळा लिहून द्या, औषधाच्या वेळी घड्याळ लावा. त्या दिवशी त्यांच्यासमोर बुरेकास खाऊ नका. ते पुन्हा पुन्हा संडासला पळाले तर हसा, पण त्यांच्याबरोबर हसा. मात्र डॉक्टरांशी बोलणं आणि सही करणं हे मोठ्यांचं काम आहे. तिथे आई, बाबा किंवा काका बरोबर असावेत. वाईट बातमीचं भाषांतर लेकराला करायला लावू नये.

आमच्या आतड्यात दोन पॉलिप निघाले. एक बारीक, दुसरा दोन सेंटिमीटरचा. मोठ्याचं उत्तर आलं: अजून कॅन्सर नाही, पण वाटेवर होता. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा तीन वर्षांनी या." (ज्यांना काहीच सापडत नाही त्यांना बहुधा दहा वर्षांनी.) आम्ही त्याच संध्याकाळी मुलांना समोर बसवून त्यांच्या काकांची आणि आमची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. थोरला बेचाळीसचा आहे. त्याने तोर घेतली.

आपल्या धर्मात या गोष्टीची लाज नाही. संडासहून आल्यावर हात धुऊन आपण "अशेर यात्सार" ही बेराखा म्हणतो. शरीरातली छिद्रं आणि पोकळ्या जशा हव्या तशा चालतात, म्हणून देवाचे आभार मानतो. लहानपणापासून आम्ही ती पाठ म्हणत आलो. त्या दिवसापासून अर्थ समजून म्हणतो.

नंतरच्या आठवड्यात घरी एलियाहु हनाबीचा मलिदा केला. पोहे भिजवले, आणि नारळ नातीने खोवला. भावाचं नाव घेतलं. तुमच्या ड्रॉवरमध्ये असं एखादं पाकीट पडलं असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ते काढा.